गॅरेजातला विषय

आमच्या गॅरेजात दोन गाड्यांची जागा आहे. एका जागेत गाडी असते आणि दुसरीत विषय असतो.

गाडी म्हणजे रोजची. शहाणी, पाच माणसांची. थंडीत ती सीट गरम करते, मागे कोणी उभं असलं तर ओरडते, आणि आठ वर्षांत तिच्याबद्दल घरात एक वाक्यही बोललं गेलेलं नाही. विषय म्हणजे दुसरी. लाल, दोन दारांची, दोन माणसांची, उघड्या टपाची, १९९१ सालची माझदा मियाटा. मी ती २००३ साली सेकंडहँड घेतली आणि तेव्हापासून तिच्याबद्दल घरात बोलणं चालू आहे. दर मार्चमध्ये न्यू जर्सीतला बर्फ वितळला की त्या बोलण्याला पालवी फुटते. मी गॅरेजचं दार उघडतो, गाडीवरचं पांघरूण काढतो, चार महिने चार्जरला लावून ठेवलेली बॅटरी सोडवतो, आणि स्वयंपाकघरातून प्रश्न येतो, "काय रे, यंदा तरी ठरलं का? ठेवायची की बदलायची?"

यंदा मी म्हणालो, "विचार चालू आहे."

"तो चालू असतोच," बायको म्हणाली. "गाडी चालू झाली का ते सांग."

स्पोर्ट्स कार म्हटलं की सांगलीतले आमचे नातेवाईक आधी किंमत विचारतात आणि मग माझ्याकडे वाया गेलेल्या मुलाकडे बघावं तसं बघतात. त्यांची समजूत काढायला मला दरवेळी खरं सांगावं लागतं. इंजिन १.६ लिटरचं, ताकद ११६ अश्वशक्ती. उभ्या जागेवरून ताशी ६० मैल गाठायला तिला नऊएक सेकंद लागतात. आजकाल मुलांना शाळेत सोडणारी मिनीव्हॅनसुद्धा सिग्नलवरून तिच्या पुढे निघून जाते आणि आतली मुलं मागच्या काचेतून मला टाटा करतात. पण वजन हजार किलोंच्या आत, बूड रस्त्याला टेकेल इतकं खाली, आणि डोक्यावर आभाळ. त्यामुळे ताशी ४० मैलांना ७० गेल्यासारखे वाटतात. पोलिसानं अडवायची भीती नाही आणि पराक्रम केल्याचं समाधान पुरेपूर. मध्यमवर्गीय माणसाच्या स्वभावाला इतकं बेतून शिवलेलं दुसरं वाहन माझ्या पाहण्यात नाही.

तिच्या जन्माची कथाही ऐकण्यासारखी आहे. १९७९ साली बॉब हॉल नावाचा अमेरिकन मोटार-पत्रकार हिरोशिमाला गेला होता. तिथे माझदाच्या केनिची यामामोटो या वरिष्ठ अभियंत्यानं त्याला विचारलं, आम्ही पुढे कोणती गाडी काढावी? हॉल म्हणाला, जुन्या इंग्लिश गाड्यांसारखी काढा. साधी, हलकी, उघडी, दोघांपुरती. त्या इंग्लिश गाड्या तेव्हा अखेरच्या घटका मोजत होत्या. एमजीचा ॲबिंग्डनचा कारखाना पुढच्याच वर्षी बंद पडला. आणि मग १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात मियाटा उभी राहिली. किंमत १३,८०० डॉलर. पुढे २००० साली गिनेस बुकानं तिला जगात सर्वाधिक खपलेली दोन आसनी स्पोर्ट्स कार ठरवलं आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये दहा लाखावी गाडी बाहेर पडली. मला या सगळ्यात एकाच गोष्टीचं आश्चर्य वाटतं. एका पत्रकारानं सल्ला दिला आणि तो कोणीतरी ऐकला. आमच्या मराठी मंडळाची स्मरणिका मी पंधरा वर्षं काढतोय. मला अजून चहाला साखर किती हेही कोणी विचारलेलं नाही.

जपानी मंडळींनी ही गाडी करताना 'जिनबा इत्ताई' हा मंत्र धरला होता. म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. आपल्याकडे चौकाचौकांत त्याचं उदाहरण उभं असल्यामुळे मला ते लगेच कळलं. आता घोडा पस्तीस वर्षांचा आहे आणि स्वार साठीचा. एकजीव आम्ही इतके झालो आहोत, की क्लच दाबल्यावर कटकन आवाज आला तर तो गाडीचा की माझ्या गुडघ्याचा हे ठरवायला तो पुन्हा एकदा दाबावा लागतो.

या वयाची गाडी कुरकुरते यात बनवणाऱ्याचा काही दोष नाही. पस्तीस वर्षांनी कोण कुरकुरत नाही? उदाहरणार्थ, तिचे दिवे. ते बॉनेटमध्ये झोपलेले असतात आणि बटण दाबलं की पापण्या उघडाव्यात तसे वर येतात. १९९८ सालच्या नव्या अवतारात कंपनीनं ते काढून टाकले, म्हणून आता मुलं रस्त्यात थांबून बघतात. आमच्या गाडीचा उजवा डोळा अजून तरतरीत आहे. डावा मात्र वयोमानाप्रमाणे हुकूम झाल्यावर थोडा विचार करतो. एकदा संध्याकाळी किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये मी दिवे लावले. उजवा वर आला, डावा आला नाही, आणि समोरच्या गाडीतल्या बाईंना माझ्या गाडीनं चक्क डोळा मारला. मी घाईघाईनं बटण बंद केलं, पुन्हा लावलं. गाडीनं पुन्हा डोळा मारला. एडिसनसारख्या आपल्या माणसांच्या गावात साठीच्या गृहस्थाला हे परवडत नाही. त्या बाई निघाल्या मंडळाच्या खजिनदार.

यावर उपाय आहे. दिव्याच्या मोटरवर रबरी टोपीखाली एक मूठ असते. ती हातानं फिरवली की दिवा वर येतो. म्हणून रात्री कुठून निघताना मी आधी बॉनेट उघडतो, आजोबांच्या डोळ्यांत थेंब घालावेत तशा हळुवारपणे ती मूठ फिरवतो, आणि मगच आत बसतो. बायको तोवर मोबाइलवर बातम्या वाचते. माझ्या गाडीमुळे तिचं जगाचं ज्ञान बरंच वाढलं आहे.

दुसरं उदाहरण पाण्याचं. टपावर पडलेलं पाणी सीटांच्या मागे दोन्ही बाजूंना एकेका नळीतून खाली रस्त्यावर जावं अशी सोय आहे. सोय चांगली आहे, पण ती करताना आमच्या अंगणातल्या मेपलच्या झाडाचा कोणी विचार केला नव्हता. आणि दर हेमंतात ती नळी साफ करायची असते हे वाचूनही न केल्याचा दोष सर्वस्वी माझा. एका ऑक्टोबरात डावीकडे वळलो की उजवीकडून आणि उजवीकडे वळलो की डावीकडून खळखळ ऐकू येऊ लागली. मला वाटलं पेट्रोलची टाकी. दोन दिवसांनी सीटखालचा गालिचा पिळला तेव्हा बादलीभर पाणी निघालं. बायको सांगलीचीच, कृष्णेच्या पुराला सरावलेली. दारात उभी राहून तिनं विचारलं, "आयर्विन पुलापाशी किती फूट?"

ती नळी साफ करणं हे नाजूक काम आहे. कडक तार घातली तर नळीच फाटायची आणि पाणी कायमचं घरात यायचं. मी आधी परकराला नाडी ओवायची पिन दोऱ्याला बांधून आत सोडली. दोरा बाहेर आला, पिन आतच राहिली. ही बातमी मी घरात सांगितली नाही. मग गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी घेतली. ती वाकते पण दुमडत नाही. सीट पुढे सारून, उताणं पडून, एक हात मागे पिळवटून ती दोरी इंच इंच आत सारायची, अडली की चिमटीत फिरवायची, पुन्हा सारायची. अर्ध्या तासानं आत काहीतरी भस्सकन मोकळं झालं आणि गाडीखाली काळा चिखल पडला. त्यात कुजलेली पानं होती, नाडीची पिन होती, आणि मेपलचं एक बी होतं. त्याला कोंब फुटून दोन पानं आली होती. मी ते रोप कुंडीत लावलं. आज ते माझ्या कमरेएवढं आहे. नव्या गाडीत झाडं उगवत नाहीत, हा मुद्दा 'ठेवावी' या बाजूला धरायचा की 'बदलावी' या, हे मात्र मला अजून कळलेलं नाही.

बाजू म्हणजे माझ्या तक्त्यातल्या. मी हयात आयटीत काढली असल्यामुळे निर्णय घ्यायची वेळ आली की एक्सेल उघडतो. तक्त्याचं नाव 'गाडी_अंतिम'. त्याच्याआधी 'गाडी_अंतिम_१' ते 'गाडी_अंतिम_६' आहेत. डावीकडे 'ठेवावी', उजवीकडे 'बदलावी', आणि तळाशी एक ओळ, 'निर्णयाची तारीख'.

हिशेब म्हणाल तर तो अगदी सरळ आहे आणि त्याचा काही उपयोग नाही. त्याच गाडीचं आजचं नवं मॉडेल साधारण ३०,००० डॉलरपासून सुरू होतं. त्यावर न्यू जर्सीचा विक्रीकर ६.६२५ टक्के, म्हणजे जवळजवळ २,००० डॉलर नुसते सरकारला. तेवढ्यात माझ्या जुन्या गाडीचा टप, टायर आणि टायमिंग बेल्ट, तिन्ही नवे होऊन वर पेट्रोलला पैसे उरतात. शिवाय नवी गाडी दुकानाच्या फाटकातून बाहेर पडली की तिची किंमत उतरायला लागते आणि माझी आता इतकी जुनी झाली आहे की तिची चढायला लागली आहे. इथवर 'ठेवावी' पक्ष पुढे असतो. पण मग प्रामाणिक माणूस म्हणून मी माझे रविवार मोजायला घेतो. तासाचा दर माझ्या पगाराप्रमाणे लावला तर तेवीस वर्षांत या गाडीवर मी जे घालवलं त्यात एक पोर्शे आली असती. मी तासाचा दर लावणं बंद केलं.

सल्ला देणारे असतातच. आमच्या मंडळात या प्रश्नावर तीन पंथ आहेत. 'विकून टाक' पंथाचे लोक स्वतः दर तीन वर्षांनी गाडी बदलतात आणि प्रत्येक वेळी करड्या रंगाचीच घेतात. 'ठेव, अजिबात विकू नकोस' पंथाचे लोक तुमची गाडी कधी ढकलायला आलेले नसतात. 'आता इलेक्ट्रिकच घे' पंथाला कोणताही प्रश्न विचारा, मुलीचं लग्न का रखडलंय असा विचारला तरी, उत्तर तेच. यांखेरीज पेट्रोल पंपावरचा माणूस. न्यू जर्सीत स्वतःच्या हातानं पेट्रोल भरायला कायद्यानं बंदी असल्यामुळे हा सल्ला टाळता येत नाही. आमच्या पंपावरचे सरदारजी दरवेळी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालतात आणि म्हणतात, "बेच रहे हो तो बताना." गेली नऊ वर्षं. आता ही विचारपूस आहे की बोली, हे सांगता येत नाही.

सरकारच्या दृष्टीनं विचाराल तर ही गाडी ऐतिहासिक आहे. न्यू जर्सीत पंचवीस वर्षांवरच्या गाडीला 'हिस्टॉरिक' अशी खास पाटी मिळते. मी हरखून अर्ज आणला. पण अट वाचली आणि थबकलो. अशी गाडी फक्त प्रदर्शन आणि शिक्षण या कामांसाठी रस्त्यावर आणायची. मी मुख्यतः कोथिंबीर आणायला जातो.

"मग काय झालं?" बायको म्हणाली. "तुझी गाडी दिसली की प्रदर्शन असतंच. आणि तू तिच्याबद्दल बोलायला लागलास की समोरच्याचं शिक्षण."

तरी मी साधीच पाटी ठेवली. भारतात, २०२१ च्या नियमांप्रमाणे, पन्नास वर्षं झाल्याशिवाय गाडी 'व्हिंटेज' होत नाही. आपल्याकडे म्हातारपणालाही नंबर लावावा लागतो.

'बदलावी' या रकान्यात बायकोनं स्वतः टाकलेली एकच नोंद आहे आणि ती गणपतीची. त्या वर्षी मोठी गाडी मुलगी घेऊन गेली होती. आम्ही दोघं भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडवर मूर्ती आणायला गेलो ते हिच्यातून. आधी मूर्ती डिकीत ठेवावी असा विचार होता. पण या गाडीची बॅटरीही डिकीत, जादा चाकही डिकीत. उरलेल्या जागेत दोन नारळ आणि उदबत्तीचा पुडा राहतो. शिवाय देवाला डिकीत ठेवणार कसा? तेव्हा बाप्पा पुढच्या सीटवर बसले. त्यांना पट्टा लावला. सोंडेला लागू नये म्हणून पट्ट्याखाली बायकोची ओढणी घडी करून ठेवली. आणि मग लक्षात आलं की गाडीत दोनच सीटा आहेत.

बायको दोन हातांत चार पिशव्या घेऊन दुकानासमोर उभी राहिली. मी टप उघडा टाकून ताशी २५ मैलांनी निघालो. प्रत्येक सिग्नलला शेजारच्या गाड्यांच्या काचा खाली होत होत्या. ओक ट्री रोडच तो; अर्ध्या लोकांनी हात जोडले, एकानं तर "मोरया" म्हणून आरोळी दिली. पोलिसाची गाडी शेजारी येऊन थांबली. त्यानं बाप्पांकडे पाहिलं, पट्ट्याकडे पाहिलं, समाधानानं मान हलवली आणि निघून गेला. मी घरी पोचलो, शेजाऱ्याच्या मदतीनं मूर्ती उतरवली, पाटावर ठेवली, आणि परत गेलो. पन्नास मिनिटं झाली होती. बायको अजून तिथेच उभी होती, फक्त आता तिच्या हातात चार नव्हे, सहा पिशव्या होत्या.

"देव घरी आणि लक्ष्मी फुटपाथवर," एवढंच ती म्हणाली. रात्री तक्त्यात नोंद पडली होती.

'ठेवावी' या रकान्यातला सर्वांत भक्कम मुद्दा सासूबाईंचा. त्या मिरजेहून पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी हट्टानं या गाडीतून फेरी मारली. डोक्यावरून पदर घट्ट ओढून, हात जोडून, निवडणुकीला उभ्या राहिल्यासारख्या त्या सबंध गावभर नमस्कार करत आल्या. उतरल्यावर म्हणाल्या, "बाकी ऐसपैस आहे हो जावईबापू. पण जुनी म्हणून टप गेलाय वाटतं."

मी म्हणालो, "गेला नाही आई, दुमडून ठेवलाय. ही अशीच असते."

"आणि तुम्ही नवी बघताय म्हणे. तिला तरी असेल ना वर काही?"

"नाही, तीही अशीच."

त्या जरा गप्प राहिल्या. "मग बदलताय कशाला?"

मी तेवीस वर्षं हा प्रश्न तपासतोय. त्याला उत्तर सापडलेलं नाही.

या घोळाला माझ्या घराण्यात परंपरा आहे. सांगलीला बाबांची फियाट होती, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा असलेली. सतरा वर्षं वापरून त्यांनी ती विकली आणि मारुती घेतली. मारुती सगळ्या बाबतींत सरस होती, हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत. पण फियाट जिथे उभी असे तिथे अंगणात गवत न उगवलेला एक लांबट चौकोन उरला होता. बाबांनी नवी गाडी त्या चौकोनात कधी लावली नाही. शेजारी, ऊन लागेल अशी लावली. विचारलं तर म्हणत, "तिथे चिखल होतो." मे महिन्यातही म्हणत. मुंबईत ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा पेपरातली ती बातमी बाबांनी कापून मला फोटो काढून पाठवली. खाली एक शब्द लिहिला होता, 'गेली.' मी घाबरून फोन केला होता.

तर यंदा मात्र मी ठरवलं. साठी झाली, आता सोक्षमोक्ष. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी जुन्या गाडीत बसून नवी बघायला गेलो.

जाताना माझा एक मुद्दा तयार होता. नव्या गाड्या फुगतात. पोळी, पगार आणि पोट यांप्रमाणे प्रत्येक पुढचं मॉडेल मागच्यापेक्षा मोठं होतं. दुकानातल्या मुलानं शांतपणे सांगितलं, की २०१५ पासूनचं हे मॉडेल लांबीला माझ्या गाडीपेक्षा तीनएक सेंटीमीटर आखूड आहे. ताकद १८१ अश्वशक्ती. टप बसल्या जागेवरून एका हातानं मागे टाकता येतो. मागची काच खरी काच आहे. माझी प्लास्टिकची आहे, चेनची, आणि आता इतकी पिवळी पडली आहे की मागचं जग मला कायम जुन्या अल्बमातलं दिसतं. मुद्दा पहिल्या पाच मिनिटांतच गेला.

मग गाडी चालवली. उगाच खोटं कशाला बोलू? गाडी फार सुंदर आहे. गिअर मनगटाच्या झटक्यात पडतो, इंजिन साडेसात हजार फेऱ्यांपर्यंत आनंदानं चढतं, वळणावर ती आपल्या मनातलं ओळखल्यासारखी वळते. पट्टा सोडून जरा बाजूला गेलो तर सौम्य आवाजात आठवण करते. दोन्ही डोळे एकदम उघडतात. वीस मिनिटं मी तिच्यात दोष शोधत होतो, लग्नाच्या बैठकीत मुलाकडची आत्या शोधते तसा, आणि मला एकही सापडला नाही. परत दुकानात येऊन इंजिन बंद केलं तेव्हा मला जरा चुकल्यासारखं वाटलं. सबंध प्रवासात गाडीनं माझ्याकडे काहीच मागितलं नव्हतं. मी तिच्यात होतो की नव्हतो, तिला त्याचं काही नव्हतं.

आता जुन्या गाडीचे किती देणार, ही बोलणी. तो मुलगा बाहेर आला. त्याचा जन्म २००२ चा. "दिवे वर येतात ना?" त्यानं विचारलं. मी बटण दाबलं. उजवा आला. डावा आला नाही. मी ओशाळून बॉनेट उघडायला निघालो, तर तो म्हणाला, "थांबा, थांबा, पुन्हा करा," आणि आत जाऊन आणखी दोघांना घेऊन आला. मग हिशेबनीस बाई आल्या. मग मॅनेजर. पाच माणसं अर्धा तास माझ्या गाडीला डोळा मारायला लावत होती आणि शोरूममध्ये तीस हजारांची नवी गाडी एकटी उभी होती.

मॅनेजरनं कागदावर एक आकडा लिहून दिला. तो इतका लहान होता की त्यानं शून्याऐवजी टिंब दिलं असावं असं मला वाटलं. मी कागद घडी करून खिशात ठेवला. गाडीपाशी आलो तर तो मुलगा मागून आला आणि इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "साहेबांचा आकडा सोडा. दुकानाला नका देऊ. मला देता का? मी दुप्पट देतो."

नवी विकणारा जुनी मागतोय म्हटल्यावर माझं डोकं चालेना. मी म्हणालो, "विचार करून सांगतो."

"किती दिवस लागतील?"

मी त्याला खरं सांगितलं नाही. त्याचं वय लहान होतं.

घरी आलो, बायकोला सगळं सांगितलं. नवी कशी चालते, टप कसा एका हातात जातो, डोळे कसे एकदम उघडतात. ती शेंगा सोलत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे आवडली."

"फारच."

"मग?"

"तिच्यात करण्यासारखं काही नाही गं. रविवारी तिच्यापाशी जाऊन नुसतं उभं राहायचं का?"

तिनं सोललेली शेंग ताटात टाकली. "अरे, तुला नवी गाडी नकोय आणि जुनीही नकोय," ती म्हणाली. "तुला विषय हवाय. एकदा निर्णय झाला की दुसऱ्या दिवसापासून तू बोलणार कशावर? घरात मग ती दुसरी गाडी आहेच, आठ वर्षांत एक शब्द नाही."

मी काही बोललो नाही. गॅरेजात जाऊन डाव्या दिव्याची मोटर उघडून बसलो. डिसमिस, पाना, ग्रीसचा डबा, एक जुनं बनियन. आतला रबरी बुश झिजून वाटाण्याएवढा उरला होता. गंमत म्हणजे एवढ्या जुन्या गाडीचे असले सुटे भाग अजून मिळतात. जपानात तर २०१७ पासून कंपनी स्वतःच या पहिल्या पिढीच्या गाड्या जीर्णोद्धाराला घेते. मी बुशचं माप लिहून घेतलं. दीड तास कसा गेला कळलं नाही.

रात्री तक्ता उघडला. 'निर्णयाची तारीख' या ओळीखाली माझ्या हातच्या तीन जुन्या नोंदी होत्या: ३१ मार्च २०२४, ३१ मार्च २०२५, ३१ मार्च २०२६. प्रत्येक वेळी तारीख उलटली की मी खाली पुढची लिहीत गेलो होतो. आता २०२७ ची लिहायला गेलो, तर ती आधीच लिहिलेली होती. तिच्याखाली २०२८. तिच्याखाली २०२९. बायकोनं माझ्या तीन तारखा धरून कोपरा खाली ओढला होता. एक्सेलचं असं आहे, की तीन तारखा दाखवल्या की चौथी तो आपली आपण ओळखतो. माझा स्वभाव ओळखायला बायकोला तेवीस वर्षं लागली. त्याला एक सेकंद लागला होता.

रांग ३१ मार्च २०४१ ला थांबली होती. मी हाक मारून विचारलं, "२०४१ च का गं?"

"तेव्हा ती पन्नासची होईल," आतून उत्तर आलं. "तुझ्या नियमाप्रमाणे व्हिंटेज. मग बोलू. आणि ते रबराचं काय ते मागव आधी. शनिवारी खजिनदार बाईंकडे जेवायला जायचंय."

मी तक्ता जतन केला. नाव दिलं, 'गाडी_अंतिम_८'.